गाडीची काच घासू नका, भिजवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेट्रोची, पुलांची आणि घरांची बांधकामे इंदुरात एकाच वेळी चालू असल्यामुळे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर एक करडा, खरखरीत थर बसतो आणि तो साध्या धुण्याने निघत नाही, अशी तक्रार आमच्या रामबागेत वरचेवर ऐकू येते. तक्रार रास्त आहे. परंतु तो थर काढण्याच्या घाईत काचेचे जे नुकसान होते ते कायमचे असते, आणि ते मी माझ्याच गाडीवर ओढवून घेतले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या आवारात गाड्या धुणारा माणूस पहाटे येतो. एका बादलीत बोअरचे पाणी, त्यात सात-आठ गाड्या, आणि शेवटी तेच फडके पिळून काचेवर फिरते. बोअरचे पाणी जड असते. ऊन लागताच पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. त्यांवर धूळ आणि सिमेंटची भुकटी बसते, रात्रीच्या दवाने ती भिजते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळते, आणि असे दोन महिने चालले की बोट फिरवताच पॉलिश कागदासारखे लागू लागते. अशा अवस्थेत मी गाडी एका धुलाई केंद्रावर नेली. तिथल्या कारागिराने भांडी घासायच्या तारेच्या घासणीने काच पाच मिनिटांत लख्ख करून दिली, आणि मी त्याला वर दहा रुपये दिले. त्याच रात्री बायपासवर समोरून ट्रकचा उजेड पडला तेव्हा काचभर बारीक चऱ्यांचे कोळिष्टक चमकले आणि क्षणभर रस्ताच दिसेना.

दोष एकट्या घासणीचा नव्हता. काठिण्याच्या मोह्ज मापनीवर काच साधारण 5.5 वर येते आणि वाळूतला क्वार्ट्झ 7 वर; म्हणजे काचेवर बसलेला वाळूचा कण घासणीखाली, कोरड्या फडक्याखाली किंवा वायपरच्या रबराखाली सापडला की तो काच कोरतच जातो. म्हणून पहिले काम घासण्याचे नसून भिजवण्याचे आहे. गाडी सावलीत लावून काच थंड होऊ द्यावी (उन्हात तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतल्यास, आधीच एखादा तडा असेल तर तो पसरू शकतो), भरपूर पाणी वरून खाली सोडावे, वायपर उचलून त्यांची रबरे ओल्या फडक्याने पुसावीत आणि मगच शाम्पूच्या पाण्यात बुडवलेले मऊ कापड हलक्या हाताने फिरवावे.

एवढ्यानेही जे उरते ते बहुधा क्षार किंवा सिमेंट असते. त्यासाठी स्वयंपाकघरातले पांढरे व्हिनेगर पुरते. त्यात भिजवलेले पातळ कापड काचेवर दहा मिनिटे चिकटवून ठेवावे. क्षार असतील तर कापडाची कड उचलून पाहिल्यावर बारीक बुडबुडे दिसतात. बॉनेटवर ओघळलेले व्हिनेगर मात्र लगेच धुऊन टाकावे. मोबाइलवरच्या व्हिडिओंत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र ओततात, फेस छान येतो, पण दोघे एकमेकांना मारून टाकतात आणि हाती जवळजवळ नुसते पाणी उरते. आंब्याखाली गाडी लावल्यास मोहोरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा पडतो. त्याला आम्ल नको, साबणाचे कोमट पाणी हवे.

अगदी हट्टी ठिपक्यांसाठी गाडीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी क्ले बारची (काचेवर रुतलेला मळ ओढून घेणाऱ्या मऊ, चिकणमातीसारख्या लगद्याची) वडी साबणपाण्यावर सरकवावी. वडी खाली पडली तर ती फेकून द्यावी, कारण तिच्यात चिकटलेले खडे पुन्हा काचेवर येतात. नवे, सरळ ब्लेड ओल्या काचेवर अगदी तिरपे धरून एकाच दिशेने चालवणे जमते, परंतु केवळ बाहेरच्या बाजूने. मागच्या काचेच्या आतल्या तापणाऱ्या तारांवर ब्लेड मुळीच लावू नये. सुटे विकले जाणारे बिननावाचे ‘अ‍ॅसिड’ तर हातीच धरू नये, कारण त्यात फ्लोराइडची आम्ले असतील तर ती काच खातात आणि माणसाच्या हाडापर्यंत पोहोचतात. नख अडकेल इतका खोल चरा चालकाच्या नजरेसमोर पडला असेल, तर पॉलिश करून दृश्य वेडेवाकडे होते. तेव्हा काच बदलणेच बरे. मला शेवटी तेच करावे लागले.

आणखी एक. पाणी वाचवायचे म्हणून आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीवर ओतण्याची पद्धत आमच्याकडे रुजली आहे. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार अधिक दाट असतात, त्यामुळे ते काचेला सर्वांत वाईट. ते फरशीला वापरावे. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या वाफेचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. मी उन्हाळ्यात नळीखाली बादली लावतो आणि शेवटचे दोन तांबे त्याच पाण्याचे काचेवर सोडतो. गाड्या धुणाऱ्या त्या माणसाला मी दुसरी बादली आणि चार सुती फडकी घेऊन दिली आहेत. सोसायट्यांच्या समित्यांनी हे आपल्याच खर्चाने करावे, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करतो.

आपला नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर