मुक्ता बरी आहे

लेस्टर, २१ डिसेंबर २०२२

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मुक्ताचा स्कार्लेट फीव्हरचा ताप परवाच उतरला. सकाळपासून घरभर दंगा चालू आहे, तेव्हा काळजी करू नका.

आई, तू म्हणालीस, करोनात दोन वर्षं कोंडून ठेवली म्हणून पोर नाजूक झाली. तसं नाही गं. तिच्या वयाच्या मुलांची या जंतूंशी, स्ट्रेप ए म्हणतात त्यांच्याशी, गाठच पडली नव्हती. शाळा-पाळणाघरं पूर्ववत झाली आणि सगळ्यांची एकदम पडली. त्यांच्यामुळे होणारा स्कार्लेट फीव्हर इथे इंग्लंडात एरवी हिवाळा सरताना वाढतो, यंदा नोव्हेंबरातच पसरला. फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स, स्वीडनमध्येही स्ट्रेप ए वाढलाय. बहुतेक मुलांचं घसा, ताप, पॉलिश पेपरसारखं खरखरीत पुरळ एवढ्यावर भागतं. क्वचित जंतू फुफ्फुसात, रक्तात उतरतात. त्यात काही मुलं गेली, ती बातमी तुम्ही पाहिलीत. आणि बाबा, लस द्यायला मी विसरले नाही. याची लसच नाही.

इथली रीत मात्र तुम्हांला पटणार नाही. मूल तापलं की उचलून दवाखान्यात न्यायचं नाही, आधी १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या सल्ल्याच्या नंबराला, फोन करायचा. शू शेवटची कधी केली, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का, ओठ निळे दिसतात का, असं सगळं विचारतात आणि मग ठरवतात. आम्हाला बोलावलं, तपासलं, ‘व्हायरल वाटतंय’ म्हणाले आणि औषधाऐवजी कागद दिला. काय दिसलं की परत यायचं, ते त्यावर लिहिलेलं. मी तो फ्रिजवर लावला, येता-जाता वाचत होते. तरी तिसऱ्या रात्री तिची जीभ लालभडक दिसली, अंग खरखरीत लागलं, आणि मी सकाळपर्यंत थांबले. तू असतीस तर थांबू दिलं नसतंस.

आता पेनिसिलिन चालू आहे, दिवसातून ४ वेळा, १० दिवस. तुटवड्यामुळे पातळ औषध चौथ्या दुकानात मिळालं. ताप गेला तरी मध्येच सोडणार नाही.

दादाच्या साखरपुड्याला फोनवरसुद्धा नीट बोलता आलं नाही. वहिनीला माझ्याकडून सांगा. हॉलचे पैसे सोमवारी पाठवते. रजा बिनपगारी झाली म्हणून निम्मेच आहेत, बाकीचे जानेवारीच्या पगारावर. दादाला कारण सांगू नका. फेब्रुवारीची तिकिटं काढलेली आहेत, दोघींचीही.

तुमची,
मनू