गावभागातल्या घरी, आई-बाबांना

तीर्थरूप बाबांस व सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

सांगलीच्या जुन्या गावभागातले आपले घर आणि विश्रामबागेच्या पलीकडचे आमचे घर यांत जेमतेम सहा किलोमीटरचे अंतर असताना हिला पत्र लिहायचे काय सुचले, असे आईला वाटेल. परंतु समोर बसले की बोलणे गोळ्या, पथ्य आणि मुलांच्या परीक्षा यांतच संपते आणि मनात असलेला विषय राहून जातो. पाडव्याला बाबा सोप्यात बसून म्हणाले होते, "तुमच्याकडे घरे आहेत, गाव नाही." त्या वेळी मी गप्प राहिले, कारण उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. ते सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

तुमच्या लहानपणी विश्रामबागेला जायचे म्हणजे गावाबाहेर जायचे, हे मी आजीकडून कितीदा ऐकले आहे. 1919 साली तिथे विलिंग्डन महाविद्यालय आले, 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, पुढे त्यालाच वालचंद हे नाव मिळाले. आणि कॉलेजांच्या भोवती प्राध्यापकांचे, नोकरदारांचे बंगले उभे राहिले. सांगली आणि मिरज ही दोन्ही गावे आपापल्या जागी राहिली, पण त्यांच्या मधली शेते घरांनी भरत गेली. 9 फेब्रुवारी 1998 रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली, तेव्हा कागदावर आम्ही सगळे एका शहराचे झालो. मात्र आमच्या भागातली घरे त्या आधीच बांधून झाली होती, आणि रस्ता, गटार, नळ हे सारे त्यांच्या मागून धापा टाकत येत राहिले.

याचे कारण गुंठेवारी. एका एकराचे 40 गुंठे. शेतकऱ्याने गरजेपोटी एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले आणि ज्यांना बिगरशेती प्लॉट परवडत नव्हता त्यांनी ते घेतले. घेणारे कोण होते, हे पाहिले म्हणजे आमची वस्ती कळते. कुपवाड एमआयडीसीत पाळीने काम करणारे, एसटीतून निवृत्त झालेले, जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळाला कंटाळून मुलांच्या शिक्षणासाठी आलेले शिक्षक, आणि खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबे, ज्यांचे कर्ते पुरुष परमुलखात सोने-चांदी गाळतात आणि दिवाळीला घरी येतात. यांच्यापैकी कोणाचाही आजा इथल्या मातीत वाढलेला नाही. ज्या उताऱ्यावर आमचे नाव लागले, त्याच उताऱ्यावर आणखी दहा नावे होती, आणि त्या दहांतल्या एकालाही आम्ही ओळखत नव्हतो. 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला, तेव्हा त्या अकरा जणांना एकमेकांची घरे शोधत फिरावे लागले. मोजणी, नकाशा, शुल्काच्या पावत्या यांसाठी दर रविवारी कोणाच्या तरी ओट्यावर बसावे लागले. आमची शेजारओळख चहापाण्यातून झालेली नाही, ती सातबाऱ्याच्या झेरॉक्स प्रतींवरून झाली. मागच्या गल्लीतले प्लॉट नंतर पाडलेले असल्यामुळे त्या मंडळींना त्या कायद्याच्या 2021 सालच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागली, आणि त्यांचे अर्ज भरून द्यायला आमच्याच गल्लीतली माणसे बसली होती.

आई, तुला आठवत असेल, पहिल्या पावसाळ्यात तू आलीस तेव्हा कोपऱ्यापासून घरापर्यंत चपला हातात घेऊन चालत आली होतीस. ती काळी माती एकदा पायाला धरली की पावलागणिक जड होत जाते, आणि पाणी तिच्यात मुरता मुरत नाही. आम्ही घर बांधताना जोते रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच घेतले होते. त्यानंतर रस्ता झाला, पण जुना न उकरता त्यावरच खडी-डांबर पडत गेले. आज त्या तीनपैकी एकच पायरी उरली आहे, आणि समोरच्या घरी तर पाऊस आला की उंबऱ्याशी वाळूची पोती लावावी लागतात. याबद्दल आम्ही संबंधितांना किती अर्ज दिले याची फाइल आहे. मला त्याचा राग येतो आणि तो यावा असेच मला वाटते, कारण घरपट्टी आम्हीही वेळेवर भरतो.

मोकळ्या जागेचेही तसेच. शेजारच्या मंजूर लेआउटमध्ये बागेसाठी जागा सोडलेली आहे. आमच्याकडे दोन घरांच्या मधली बोळसुद्धा मोजून ठेवलेली. मुले खेळतात ती त्या शेजारच्या जागेत. तिथे पूर्वी कचरा पडत असे. आमच्या आणि त्यांच्या अशा दोन्ही वस्त्यांतल्या बायकांनी मिळून तो उचलला, कडेने कडुनिंब आणि करंज लावले, आणि उन्हाळाभर आपापल्या घरातली भांडी धुतलेल्या पाण्याची बादली त्या रोपांना घातली. कडुनिंब आता पहिल्या मजल्याला लागला आहे.

आता 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुराबद्दल लिहिते. बाबा, तुम्ही त्या वेळी निघायला तयार नव्हता, कारण 2005 साली पाणी आपल्या दारात येऊन थांबले होते आणि या खेपेसही थांबेल असा तुमचा भरवसा होता. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोका पातळी धरतात. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेले. बोटीतून उतरून तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुमच्या हातात देवांचा डबा आणि घराच्या कागदांची पिशवी एवढेच होते. आमच्या वस्तीत त्या रात्री आपल्यासारखी सतरा कुटुंबे आली, कोणाची बहीण, कोणाचे मालक, कोणी तर नुसते ओळखीच्या ओळखीचे. जतच्या वहिनींनी परातभर पीठ मळायला घेतले आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी नाही म्हणून छावणी असती, इथं पाणी आलं म्हणून." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हीच मला कोरी वही मागितलीत. कोण कोणाच्या घरी उतरले, कोणाला रक्तदाबाची गोळी लागते, कोणाचे लहान मूल दुधावर आहे, किती भाकरी कुठून आल्या, हे सगळे तुम्ही त्या वहीत रेघा मारून लिहीत होता. पाणी ओसरून तुम्ही घरी परतलात तेव्हा वही इथेच राहिली. तिची पुढची पाने कोरी ठेवायची नाहीत असे सर्वांनी ठरवले. गणपतीची वर्गणी, टँकरची पाळी, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे आजही त्याच वहीत लिहिले जाते. पहिली चौदा पाने तुमच्या अक्षरातली आहेत.

इथे काय नाही, तेही लिहिते, म्हणजे मी काही झाकले असे व्हायला नको. नदी नाही. घाटावरचा संध्याकाळचा वारा नाही, गणपती मंदिरात पायी जाऊन येण्याची सोय नाही, आणि मिरज रस्ता ओलांडणे तुमच्या वयाला जमणारे नाही. त्यासाठी कोणीतरी बरोबर लागेल. बाबांचे सकाळचे मित्रमंडळ इथे मिळणार नाही हेही मला ठाऊक आहे. म्हणून घर बंद करून कायमचे या, असा आग्रह मी धरत नाही. आषाढ लागल्यापासून गणपतीपर्यंत, म्हणजे पाण्याचे जे दिवस असतात तेवढे, दरवर्षी इकडे राहावे आणि पूर येण्याची वाट न पाहता यावे, एवढेच माझे मागणे आहे. रविवारी हे गाडी घेऊन येतील आणि बाबांना सोप्यातल्या मंडळींना भेटवून आणतील.

खालची पूर्वेकडची खोली मोकळी केली आहे. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, उंबरा काढून टाकला. आईने तुळस कुंडीतून आणायची, की इथेच दारात नवे वृंदावन बांधून घ्यायचे, तेवढे फोनवर सांगावे, म्हणजे गवंड्याला या आठवड्यात बोलावता येईल.

तुमची,
थोरली