रत्नागिरीच्या मिस्त्रीकाकांना, जुन्या मारुतीसाठी मनापासून

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. जुनी गाडी सांभाळणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनाही तुमची कामाची रीत कळावी.

बाबांची मारुती ८०० १९९७ची, कार्बोरेटरवाली. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. आंबा घाटात ट्रकमागे हळूहळू चढताना ती तापायला लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये सांगितलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं गॅस, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळू न देणारं सील, उडालंय, इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात काढा. तुम्ही आधी गाडी पूर्ण थंड होऊ दिलीत. मग रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलंत आणि मलाच वाकून बघायला लावलंत, पाण्यात सारखे बुडबुडे येतायत का. येत नव्हते. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवलीत. तेल काळपट होतं, पण पाणी मिसळलं की येतो तो दुधाळपणा कुठेच नव्हता. "गॅस्केट शाबूत आहे," एवढंच बोललात, झाकण लावलंत आणि इंजिन तसंच चालू ठेवून उभे राहिलात. तापमानाचा काटा चढत गेला, रेडिएटरचा पंखा काही फिरेना. इंजिन तापलं की पंखा सुरू करणाऱ्या थर्मोस्विचची पिन काढून तुम्ही दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडलीत आणि पंखा लगेच सुरू झाला. मोटर ठीक, फ्यूज ठीक, बिघाड फक्त स्विचचा! स्विच बदललात, रबर कडक झालेलं रेडिएटरचं झाकण बदललंत, साधं पाणी काढून कूलंट भरलंत. त्यानंतर त्याच घाटाने आईला घेऊन कोल्हापूरला गेले, काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

इंजिन उतरवून भलंमोठं बिल हातात दिलं असतं तरी मला काय कळणार होतं? ते तुम्ही केलं नाहीत, याचे आभार आहेतच. पण त्याहून मोठं म्हणजे प्रत्येक गोष्ट दाखवून, कारण सांगून केलीत. काढलेला प्रत्येक पार्ट वर्तमानपत्रावर मांडून ठेवता, ही तुमची सवय मला फार मोलाची वाटते.

टायमिंग बेल्टचंही, म्हणजे इंजिनचे आतले भाग एका लयीत फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचंही, तसंच. गाडी फारशी फिरलेली नाही, मग बेल्ट कशाला बदलायचा, असं मी विचारलं होतं. तुम्ही जुना बेल्ट बोटांत उलटा वाकवून धरलात, दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या. रबर वयानेही तडकतं, आणि हा तुटला की गाडी जिथे असेल तिथेच उभी. कव्हर उघडलंच आहे तर मागची, तेल गळू न देणारी ऑइल सीलं बदलून टाकू, म्हणजे पुन्हा मजुरी नको, हेही तुम्हीच सुचवलंत. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष कसं वाचायचं, तेही तुमच्याकडूनच शिकले. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. आता शेजारच्यांचेही टायर वाचून देते.

कोकणात गाडीचा खरा शत्रू गंज. खारी हवा आणि चार महिने पाऊस. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजली की पत्रा आतून सडतो. तुम्ही बारीक तारेने ती मोकळी करून दिलीत, आणि पावसाळ्यात मॅट उचलून खालचा फ्लोअर कोरडा आहे ना ते पाहायला सांगितलंत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी बदलायचंच, हेही पक्कं लक्षात आहे.

मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं. पण त्याच ७९६ सीसी जातीचं इंजिन ओम्नीत २०१९पर्यंत येत होतं, त्यामुळे सामान मिळतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फार धीर आला. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग लागतं. मागच्या वेळी हँडब्रेकपासून हेडलाइटपर्यंत सगळं तुम्ही आदल्या दिवशी स्वतः तपासलंत आणि त्याचे पैसे घ्यायला नकार दिलात. ते पैसे मी अजून देणं लागते, काका.

बाबांचा हात लागलेलं ते स्टीअरिंग आज माझ्या हातात आहे, ते तुमच्यामुळे. आईचाही तुम्हाला नमस्कार.

क्लच जरा जड लागतोय. दिवाळीनंतरच्या सोमवारी गाडी घेऊन येते, क्लच वायर बघून ठेवा.

आपली,
पांढऱ्या एट हंड्रेडवाली