जुनी वकीलपत्रे नष्ट करण्यापूर्वी : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, स. न. वि. वि.

निकाली निघालेल्या दाव्यांचे जुने कागद मुदतीनंतर नष्ट करण्याची तरतूद १९१७ च्या कायद्याने केलेली आहे, आणि रेकॉर्ड रूममधली जागेची टंचाई पाहता तिची गरज मी नाकारत नाही. माझे म्हणणे त्यांतल्या एकाच कागदापुरते आहे. तो म्हणजे वकीलपत्र, अर्थात आपली बाजू मांडण्याचा अधिकार अशील ज्याने वकिलाला देतो तो कागद. निकालपत्र किंवा हुकूमनाम्याइतके मोल त्याला कोणी देत नाही. पण महाराष्ट्रातील वकिली पेशाचा सामाजिक इतिहास लिहायचा झाला तर तो याच कागदात सापडेल.

एका वकीलपत्रावर काय काय असते, ते पाहावे. वर कोर्ट फीचे तिकीट, मग अशिलाचे नाव, गाव, धंदा आणि जुन्या कागदांत बहुधा जातही. खाली सही किंवा ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’, शेजारी ती लिहून देणाऱ्याचे दस्तुर (हस्ताक्षर) आणि शेवटी वकीलपत्र स्वीकारल्याची वकिलाची सही. कोणी कोणावर विश्वास टाकला, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा कागद मला माहीत नाही.

मोठ्या नावांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टरी सुरू केली. तिथल्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट दाखल होत) काम सॉलिसिटरांमार्फतच, म्हणजे अशील आणि बॅरिस्टर यांच्यामधल्या कायदेतज्ज्ञांमार्फतच, येत असे आणि अस्पृश्य बॅरिस्टराकडे ते सहजी येत नसे, म्हणून त्यांना मुख्यतः जिल्ह्यांतल्या कामांवर भिस्त ठेवावी लागली. परंतु तालुक्याच्या कोर्टात बहुजन समाजातला पहिला वकील केव्हा उभा राहिला, त्याला पहिले काम त्याच्याच जातीच्या कुळाने दिले की सावकाराने, हे आज कोण सांगू शकेल? शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेल्या १८७५ च्या दंग्यांनंतर आलेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने लहान दाव्यांत वकिलांच्या हजेरीवर निर्बंध घातले, कारण वकिलाचे बळ सावकारालाच परवडते, अशी त्या काळी दृढ समजूत होती. ती कितपत खरी होती, हेही पुणे, नगर, सोलापूर आणि साताऱ्याच्या दप्तरांतूनच तपासता येईल.

अभिलेखांबाबतचे नियम उच्च न्यायालय करते, याची मला जाणीव आहे. म्हणूनच आपण शासनातर्फे उच्च न्यायालयाला विनंती करावी की, १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स कायदा येण्यापूर्वीच्या दाव्यांतली वकीलपत्रे, तसेच जिल्हा न्यायालयांकडे असलेल्या प्लीडर व मुखत्यार या जुन्या दर्जांच्या वकिलांच्या सनदांच्या (परवान्यांच्या) नोंदवह्या नष्ट न करता पुराभिलेख संचालनालयाकडे सोपवाव्यात. सगळीच वकीलपत्रे ठेवणे शक्य नसेल, तर निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तालुक्याची तरी पूर्ण ठेवावीत. निवड इतिहासाच्या अभ्यासकांना विचारून व्हावी, आणि ती होईपर्यंत या कागदांचा नाश थांबवावा.

आपला विश्वासू,
एक वकील