मोटर फिरते, पण पाणी का येत नाही?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सौर पंपाबद्दल वाचायला मिळते ते बहुतेक वाचलेल्या वीजबिलाबद्दल. तो रोज चालवायचा कसा, यावर फारसे कुणी लिहीत नाही. ‘मोटरचा आवाज येतो, पण पाइपातून पाणी येत नाही’ ही तक्रार मात्र सतत कानावर येते आणि बोल लागतो पंपाला. बऱ्याचदा पंप ठणठणीत असतो. त्याला लाइनच्या पंपासारखे वागवले जाते, तिथे चुकते.

लाइनवरची मोटर एक तर पूर्ण वेगाने फिरते, नाहीतर बंद असते. सौर पंपाचा कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज मोटरला पुरवणारी पेटी, उन्हाप्रमाणे वेग कमी-जास्त करत राहतो. ५० हर्ट्झ म्हणजे पूर्ण वेग. वेग थोडा कमी झाला तर पाणीही थोडेच कमी होईल, असा समज असतो. पण पंपाचा जोर वेगाच्या वर्गाने घटतो. ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ६० मीटर उंच पाणी चढवणारा पंप ३५ हर्ट्झला जेमतेम २९ मीटर चढवतो. पाणी ४० मीटर वर आणायचे असेल, तर ३५ हर्ट्झवर मोटर तासभर फिरली तरी पाणी पाइपात मध्येच उभे राहील. ४१ हर्ट्झच्या आसपास पोचल्याशिवाय धार लागणारच नाही. तेवढा वेळ तेच पाणी पंपात घुसळून तापते. आणि सबमर्सिबल मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. म्हणजे ‘फिरते आहे ना, फिरू दे’ हे धोरण वाइंडिंग आणि बेअरिंगच्या मुळावर येते.

यावर उपाय सोपा आहे. सकाळी ऊन चढताना कंट्रोलरच्या डिस्प्लेसमोर उभे राहा आणि धार नेमकी कोणत्या आकड्याला लागते ते बघा. तो आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. तंत्रज्ञाकडून किमान हर्ट्झची सेटिंग त्याच्या किंचित वर करून घ्या. मग त्याखाली ऊन गेले की कंट्रोलर पंप थांबवेल आणि ठरलेल्या वेळाने आपणहून पुन्हा प्रयत्न करेल. विहिरीची पातळी खाली गेली की हा आकडा वाढतो, म्हणून उन्हाळ्यात तो पुन्हा तपासावा. ढग आल्यावर पंप थांबला की स्विच बंद-चालू करण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. त्याने बऱ्याच कंट्रोलरमध्ये थांबण्याची वेळ पहिल्यापासून मोजली जाते, एवढाच फरक पडतो.

दुसरे साधन म्हणजे २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ. ड्रम ६० सेकंदांत भरला तर तासाला १२ हजार लिटर. ही नोंद हर्ट्झसकट ठेवली की दोष ओळखण्याचे निम्मे काम होते. हर्ट्झ पूर्वीइतकेच, पण पाणी कमी, तर दोष पाण्याच्या बाजूला शोधावा: पातळी उतरली असेल, पाइपाच्या जॉइंटमधून पाणी परत बोअरमध्ये पडत असेल, जाळी चोंदली असेल किंवा इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) झिजला असेल. दुरुस्तीनंतर लगेच पाणी घटले असेल तर मोटर उलटी फिरते आहे का, ते आधी पाहावे. उलट्या फिरणाऱ्या पंपालाही थोडे पाणी येते, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. तीन फेजच्या मोटरला कंट्रोलर पूर्ण बंद करून कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा सुलटते.

तेवढ्याच उन्हात हर्ट्झच चढत नसतील, तर नजर पॅनेलकडे. पॅनेल एकामागे एक जोडलेले असल्याने एकावरची सावलीही सगळ्या माळेला भोवते. सर्वांगावर पसरलेल्या धुळीपेक्षा खालच्या चौकटीशी साचलेली बोटभर चिखलाची पट्टी अधिक त्रास देते. लांब बाजू वर-खाली ठेवून बसवलेल्या, पूर्ण (अर्धे न कापलेल्या) सेलच्या पॅनेलमध्ये ती सेलच्या तिन्ही गटांना एकदमच अडवते. वरून पॅनेल चकचकीत दिसते, म्हणून ही पट्टी कुणाच्या लक्षात येत नाही. धुणे पहाटे, काच गार असताना, मऊ फडक्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर बोअरचे क्षारयुक्त पाणी मारले तर ते जागीच सुकून पांढरे डाग धरते. ते काढताना काच खरवडली जाते ते वेगळेच.

कडक उन्हाळ्यात ‘एवढे ऊन असून पाणी वाढत कसे नाही’ असेही विचारतात. पॅनेलवर लिहिलेली वॅट क्षमता सेलचे तापमान २५ अंश असतानाची असते. त्यापुढे दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घट धरावी. सेल ६५ अंशांवर गेला की १६ टक्के गेलेच. यावर तोडगा म्हणून माळेत आणखी एक पॅनेल जोडणे अंगाशी येऊ शकते. थंडीत व्होल्टेज वाढते. मोकळ्या टोकांना (पंप चालू नसताना) ४५ व्होल्ट देणाऱ्या १६ पॅनेलचे ७२० व्होल्ट थंडीच्या पहाटे, सेल ५ अंशांवर असताना, ७६० च्या वर जातात. कंट्रोलरची मर्यादा ७५० असेल तर तो जळू शकतो, तेही पंप सुरू होण्याआधीच.

या व्होल्टेजचा धाक बाळगायला हवा. ऊन आहे तोवर पॅनेल बंद करता येत नाहीत. आयसोलेटर (पॅनेलची वीज तोडणारा स्विच) पाडला तरी त्याच्या पॅनेलकडच्या बाजूची वायर जिवंतच असते. एसीची ठिणगी सेकंदाला शंभरदा शून्यावरून जाते म्हणून विझते, पॅनेलच्या डीसीची तशी विझत नाही. पंप चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढला तर लागलेली ज्वाळा प्लास्टिक वितळवून हातापर्यंत येते. क्रम असा: आधी कंट्रोलरवरून पंप थांबवा, मग डीसी आयसोलेटर पाडा, मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करा, आणि मगच कनेक्टरला हात लावा. कंट्रोलर उघडायचा असेल तर आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबा.

राहिला ड्राय रन, म्हणजे पंप पाण्याविना फिरणे. डिस्प्लेवर तो दोष दिसला की रीसेट दाबून पंप पुन्हा सुरू करणारे बरेच. आत बेअरिंगला वंगण पाण्याचेच असते. कोरड्याने मिनिटभरही फिरणे महागात पडते. पहिल्या रीसेटआधी दोरी सोडून पातळी मोजावी. पाणी पंपाच्या वर पुरेसे असेल, तर सेन्सरची वायर किंवा दोषासाठी ठरवलेली अँपिअरची मर्यादा तपासावी. मोटर बदलल्यावर ही मर्यादा बऱ्याचदा जुन्या मोटरचीच राहिलेली असते, आणि मग भरल्या विहिरीतही पंप ‘कोरडा’ म्हणून बंद पडत राहतो.

आपला,
एक पंप तंत्रज्ञ