देवमाशाच्या मणक्यांवर उभं असलेलं घर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा लेख वाचला, फोटो मस्तच होते, पण तिथलं पॉइंट लोबोस हे राखीव क्षेत्र म्हणजे सायप्रसची झाडं, सी लायन आणि सूर्यास्त, एवढ्यातच विषय संपवला राव. तिथल्या व्हेलर्स कोव्ह या खाडीजवळच्या लाकडी केबिनबद्दल एक अक्षर नाही. मी इकडं सॅन होजेला राहतो, भारतातून पाहुणे आले की त्यांना तिकडं नेणं ठरलेलंच, आणि मंडळी दारातून डोकावतात, "एवढंच?" म्हणतात आणि पार्किंगकडं वळतात. लेख वाचून येणारे तर आता डोकावणारही नाहीत, म्हणून हे पत्र.

दिसायला खरंच काही नाही हो. कार्मेलच्या दक्षिणेला हायवे वनवरून आत वळलं की राखीव क्षेत्र लागतं, खाडीच्या कडेला एक बुटकं फळ्यांचं घर, आत छोटंसं म्युझियम. पण हे घर १८५० च्या दशकात चिनी मच्छीमारांनी बांधलंय. सगळं जग सोनं शोधायला कॅलिफोर्नियात धावत होतं तेव्हा ही माणसं इथं मासे पकडत होती, अ‍ॅबलोनी म्हणजे खडकाला चिकटून राहणारी ती मोठी शिंपली, तिचं मांस वाळवत होती. आधी नुसती मातीची जमीन होती, नंतर वर फळ्या टाकल्या, त्यांना खालून आधार कसला, तर ग्रॅनाइटचे दगड आणि देवमाशाचे मणके! किनाऱ्यावर जे हाताला लागलं ते घरात लावलं, आर्किटेक्ट वगैरे भानगड नाही.

त्यांच्या मागून १८६० च्या दशकात अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज आले, टेकडीवर माणूस बसवून देवमासा दिसला की होड्या वल्हवत निघायचे, भाल्यानं मारून ओढत खाडीत आणायचे आणि चरबी कढवून तेल काढायचे. चरबीच्या त्या लोखंडी कढया आजही शेजारीच ठेवल्यात, बघून अंगावर काटा येतो. मग जपानी आले, गेन्नोसुके कोडानी आणि जमिनीचा मालक अ‍ॅलन यांनी मिळून अ‍ॅबलोनी डबाबंद करायचा कारखाना चालवला. याच अ‍ॅलननं १८९८ मध्ये इथली जमीन घेतली आणि आधी घरांसाठी विकले गेलेले प्लॉट एकेक करून परत विकत घेतले, नाहीतर आज तिथं बंगलेच बंगले असते. १९३३ मध्ये राज्यानं जागा घेतली, १९६० मध्ये तर समुद्राचा तळही राखीव केला.

आता लेखात जवळच्या मॉन्टेरे शहरातल्या ज्या अ‍ॅक्वेरियमचं एवढं कौतुक आहे, त्याच्या शेजारीच पॉइंट अलोन्स नावाचं चिनी मच्छीमारांचं अख्खं गाव होतं. १९०६ च्या मे महिन्यात ते जळालं आणि जमीनमालक कंपनीनं लोकांना पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा तर १८८२ पासूनच होता. ते गाव गेलं, ही केबिन तेवढी राहिली, आणि तीसुद्धा चिन्यांचं घर म्हणून नाही, तर आडबाजूला होती, पुढच्या लोकांना वापरायला उपयोगी पडली म्हणून, असं आपलं माझं मत. आज मात्र आत त्या चिनी, पोर्तुगीज, जपानी घरांचे फोटो आहेत आणि स्वयंसेवक आजी-आजोबा विचारलं की भरभरून सांगतात, फक्त विचारावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत हेरिटेज म्हटलं की वाडा, किल्ला नाहीतर देऊळ येतं, परदेशात गेलं तर महाल आणि चर्च. मासे पकडणाऱ्याचं घर कुणाच्या डोळ्यात भरतच नाही, मग ते कार्मेलचं असो नाहीतर वरळीचं. वरळी, वेसावे, हर्णे इथली जुनी कोळी घरं आतून कशी आहेत, जाळी कुठं ठेवायचे, सुकी मासळी कुठं, यावर कोळीवाड्यातल्याच एखाद्या माणसाकडून लिहून घ्या की, सायप्रसच्या फोटोंपेक्षा ते मी जास्त आवडीनं वाचेन. आणि हो, पॉइंट लोबोसला शनिवारी-रविवारी पार्किंग लवकर भरतं, लेखात हेही टाकायला हवं होतं.

आपला,
एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया