एका सहीने नागरिकत्व जातं का?

एडिसन, न्यू जर्सी
१३ जुलै २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "आपल्याकडेही १९८७ नंतर नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही, मग अमेरिकेने तसं केलं तर बिघडलं कुठे?" तू वकील आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे बदल संसदेने केला. इथे ट्रम्प यांनी शपथ घेतली त्याच दिवशी नुसता आदेश काढला: आई बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर राहत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर बाळ अमेरिकन नाही. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरची आपली पोरंही यात सापडली. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांवर वाटा नाही, त्यामुळे त्यांची उमेदीची वर्षं रांगेतच जातात, आणि मुलंही त्याच काळात होतात.

हा हक्क इथे राज्यघटनेत आहे. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळ्या लोकांना नागरिकत्व नाकारलं. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदाव्या दुरुस्तीने तो डाग पुसला. तू वोंग किम आर्कचा निकाल जरूर वाच. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा चिनी आईबापांचा मुलगा १८९५ मध्ये चीनहून परतला, तर त्याला बोटीवरून उतरू देईनात. १८९८ मध्ये तो सहा विरुद्ध दोन मतांनी जिंकला. सरकार म्हणतं, त्याचे आईवडील इथे स्थायिक होते, म्हणून तात्पुरत्या लोकांच्या मुलांना तो निकाल लागू नाही. निकालात तसं आहे खरं, पण न्यायमूर्ती ग्रे यांनी मांडलेलं तत्त्व त्याहून कितीतरी व्यापक आहे. परकी राजदूतांची मुलं वगैरे मोजके अपवाद सोडले, तर इथे जन्मला तो इथला. हे बदलायचं तर घटनादुरुस्ती करा, तीन चतुर्थांश राज्यांची संमती मिळवा.

सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेश उघडउघड घटनाबाह्य ठरवून रोखला होता. पण २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हात न घालता सांगितलं की, जिल्हा न्यायाधीशांनी साऱ्या देशासाठी मनाईहुकूम देऊ नयेत, दावा करणाऱ्यांपुरतेच द्यावेत. देशव्यापी मनाईहुकूमांबद्दलची ही तक्रार निराधार नाही. बायडन यांच्या काळात टेक्सासचे न्यायाधीशही असेच हुकूम देत. पण निवाड्यासाठी हेच प्रकरण का निवडावं, याचा मला मनस्वी राग आला. न्यू जर्सी दाव्यात आहे, टेक्सास नाही. माझी भाची डॅलसला असते, नवरा-बायको दोघंही एच-वन-बी वर, बाळंतपणाची ऑक्टोबरची तारीख आहे. माझ्या शेजारचं बाळ नागरिक आणि तिचं नाही, असं कसं चालेल?

आता थोडा धीर आलाय. गुरुवारी न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीश लाप्लांट यांनी देशभरातल्या अशा बाळांचा एक वर्ग मानून सामूहिक दाव्यात आदेश रोखला. सरकारला अपिलासाठी सात दिवस मिळाले आहेत. भाचीला म्हटलंय, डॅलस सोडायची घाई करू नकोस, व्हिसाचे सगळे कागद मात्र हाताशी ठेव.

निकाल वाचलास की तुझं मत कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच